हळू काका आणि चार मॉडरेटर

हळू काका ऑफिसात शिरले की आमची दारं शहाण्यासारखी वागू लागत. एरवी पॅन्ट्रीचं दार असं आपटायचं की फायलींवरची धूळ उडावी. काका आले की तेच दार कुणीतरी हाताने धरून, मूल पाळण्यात ठेवावं तसं मिटवायचं. कप ठेवताना आधी करंगळी टेबलाला टेकवायची आणि मग तिच्या आधाराने कप खाली आणायचा, ही विद्या त्यांनी आम्हा सगळ्यांना दिली. त्यांच्या खुर्चीच्या पायांना टेनिसचे जुने चेंडू कापून बसवलेले होते. स्टेपलर वापरायला बंदी नव्हती, पण वापरलाच तर काका मान वळवून बघायचे आणि ते बघणं पिनेपेक्षा जास्त टोचायचं.

"हळू," एवढंच म्हणायचे. रागावून नाही, अगदी कळवळून. त्यांचं खरं नाव व्हिजिटिंग कार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. मल्याळी अकाउंटंटपासून पठाण ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना हळू काकाच म्हणत. पठाणाला तर ते त्यांचं आडनाव वाटायचं.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. आखातात, शारजाच्या पुढे असलेल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमची कंपनी एसीचे डक्ट बनवायची आणि त्या डक्टमधून येणारी घरघर कमी करणाऱ्या मोठमोठ्या पेट्याही. मी एस्टिमेशनला होते. पेट्या काकांच्या ताब्यात. म्हणजे आवाज कमी करण्याचा पगार घेणारा हा माणूस होता, आणि त्याच्या समोरच्या टेबलावर देवाने मला बसवलं होतं.

माझा आवाज इचलकरंजीचा आहे. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमागांच्या शेड. तिथे मूल रडायलासुद्धा आधी छाती भरून घेतं. मी फोनवर दुबईच्या सप्लायरशी बोलले की काका म्हणायचे, "ताई, फोन कशाला वाया घालवता? खिडकी उघडा, पोचेल." ते स्वतः भुसावळचे. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, यार्डाला खेटून. शंटिंगची खणखण, डब्यांचे धक्के, शिट्ट्या. दोघंही गोंगाटातच वाढलो होतो. मी त्याच्यावर वरताण करायला शिकले आणि त्यांनी लहानपणीच ठरवून टाकलं की आता पुरे.

त्यात ते माझ्या गाडीतून यायचे. मी शारजात राहायची, तेही शारजात, आणि त्यांच्याकडे लायसन नव्हतं. ड्रायव्हिंग टेस्टला ते अनेकदा बसले आणि प्रत्येक वेळी एकाच कारणाने नापास झाले. सिग्नल लाल झाला की ते इंजिन बंद करायचे. तेवढीच शांतता, म्हणायचे. शेवटच्या वेळी तर शेजारी बसलेला पोलिस अधिकारी म्हणे हात जोडून म्हणाला, "हबीबी, तुम टॅक्सी में जाओ ना." तेव्हापासून काका माझ्या कारलिफ्टचे कायमचे प्रवासी. रेडिओ बंद. जुलैतसुद्धा एसीचा पंखा एकावर. मी घामाने निथळत गाडी चालवायची आणि ते डोळे मिटून टायरचा आवाज ऐकायचे. शाळेत सोडायला माझी लेक बरोबर असली की ती मागच्या सीटवरून कुजबुजायची, "मॉम, इज ही टॉकिंग? आय कान्ट हिअर हिम."

"गाडीच्या डाव्या चाकात हवा कमी आहे म्हणतायत," मी सांगायची. आणि ती खरोखर कमी असायची.

काका आवाज मोजायचं मीटर वापरत, पण त्यांचा मीटरवर विश्वास नव्हता. "मीटर मोजतं. ऐकत नाही." आणि दुसरं एक वाक्य. ते त्यांनी मला अबुधाबीत शिकवलं. तिथल्या एका हॉस्पिटलच्या डक्टचं काम आम्ही केलं होतं. एका खोलीतल्या पेशंटची तक्रार आली की आवाजाने झोप येत नाही. कन्सल्टंट आला, कॉन्ट्रॅक्टर आला, खोलीच्या मधोमध मीटर लावून झाले. सगळं नियमात. तक्रार चालूच. शेवटी काकांना बोलावलं आणि गाडी माझी असल्यामुळे मीही गेले.

पेशंट एक्स-रेला गेला होता. काकांनी बूट काढले, कॉटवर आडवे झाले, चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले. सगळे इंजिनियर भोवती उभे, जणू काकांचंच काही बरंवाईट झालंय. तेवढ्यात नर्स आली. तिने कशाची चौकशी न करता त्यांच्या तोंडात थर्मामीटर घातला. काका बोलले नाहीत, कारण बोलले असते तर आवाज झाला असता. थर्मामीटर तोंडात तसाच ठेवून त्यांनी हात वर केला आणि छताच्या कोपऱ्यातल्या जाळीकडे बोट दाखवलं. जाळी उघडली तर आत आमच्याच माणसाने टेस्टिंगनंतर बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल फडफडत होतं. उभ्या माणसाला ते ऐकूच येत नव्हतं. उशीवर डोकं असलेल्यालाच यायचं.

परतताना काका म्हणाले, "ताई, आवाज जिथून निघतो तिथे नाही ऐकायचा. जिथे छळतो तिथे जाऊन ऐकायचा." एवढं मोठं वाक्य बोलल्यामुळे ते थकले आणि शारजापर्यंत गप्प राहिले. टेम्परेचर मात्र नॉर्मल निघालं होतं.

अशा माणसाचं घर कसं असेल, याची मला फार उत्सुकता होती. एका संक्रांतीला तिळगूळ द्यायला म्हणून मी, माझा नवरा आणि लेक त्यांच्याकडे गेलो. लिफ्टचं दार उघडलं आणि कानावर हिंदी सिरियलमधल्या सासूचं किंचाळणं आदळलं. मागोमाग एका पुरुषाची डरकाळी: "अगं एऽऽ! कढी उतू चाललीऽऽ!" मला वाटलं, बिचाऱ्या काकांना काय शेजार मिळालाय. दार उघडलं तर हातात पळी घेऊन काका उभे. आम्हाला बघून कानापर्यंत लाल झाले.

काकूंना ऐकू कमी येत असे. तरुणपणी मोठा ताप आला होता, तेव्हापासून. कानाचं मशीन होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते भरतकामाच्या डब्यात दोऱ्यांबरोबर ठेवून दिलं होतं. बाकी बाई एकदम खणखणीत. मी दोन वाक्यं बोलले आणि त्यांनी माझा हात धरला. "तू ये गं नेहमी. या सगळ्या दुबई-शारजात तू एकटी माणसासारखी बोलतेस." माझ्या आवाजाचं कौतुक आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा झालं. मी नवऱ्याकडे विजयी मुद्रेने बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दिवसभर जगाला हळू सांगतो आणि घरी जाऊन जिच्याशी सगळ्यात हळू बोलायला हवं तिच्यावर ओरडतो. प्रेमाने दोन शब्द बोलायचे म्हटले तरी शेजारच्या तमिळ कुटुंबाला कळतात. मग बोलायचं राहूनच जातं." मी पंखा एकावरून शून्यावर आणला. त्यावेळी मला तेवढंच करता आलं.

काका आता नाहीत. दोन हजार सालानंतर दोघं नाशिकला परत गेले आणि काही वर्षांनी काका गेले, झोपेत. काकूंचा फोन अजून येतो. मी बोलले की माझ्या सोसायटीतली कबुतरं उडतात आणि काकू पलीकडून म्हणतात, "हां, आता ऐकू आलं." मला काकांची आठवण येते ती त्यांच्या हळूपणाची नाही. त्या एका शुक्रवारची येते, आणि ती आली की मी जिथे असेन तिथे हसू लागते.

शुक्रवार म्हणजे रेंज. उम्म अल कुवैनमध्ये खाडीच्या बाजूला एका बैठ्या घराच्या मागच्या अंगणात एअर रायफलची रेंज होती. पोलिसातून रिटायर झालेला अबू सईद नावाचा स्थानिक गृहस्थ ती चालवायचा. रायफली लायसनच्या, लोखंडी कपाटात कुलपात असायच्या. तिथेच काढायच्या, तिथेच ठेवायच्या. काका एनसीसीत नेमबाजी करायचे. ती हौस त्यांनी इथे पुन्हा काढली आणि काकूंना शिकवलं. बघता बघता काकू त्यांच्या पुढे गेल्या. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून, चष्मा पुसून त्या बसल्या की अबू सईद आपल्या पाहुण्यांना बोलावून दाखवायचा, "देखो, मदाम मारती है."

रेंजवर बोलायची सोय नसतेच. तिथे दोघंही सारखेच बहिरे, असं काकू म्हणायच्या. त्यांच्या खुणा होत्या. दोन बोटं खाली म्हणजे नेम वर जातोय. तळहात छातीवर म्हणजे श्वास सोड. अंगठा नाकाला म्हणजे फार शेफारू नका. शेजारी शेजारी बसून ते तासन् तास अशा गप्पा मारायचे आणि दोघांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी त्यांच्या घरी कधी पाहिलं नाही. "छर्रा सुटायच्या आधी एक शांतता असते," काका मला एकदा म्हणाले. "ती आम्हा दोघांना एकसारखी ऐकू येते." त्या दोघांचा संसार त्या शुक्रवारवर चालला होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

आम्ही तिघं दर शुक्रवारी समुद्रावर जायचो, जाताना त्यांना रेंजवर सोडायचो. पुढे पुढे लेक वाळूत कंटाळायची आणि आम्हीही तिथेच मुक्काम टाकायचो. मी नेम धरून कधी काही पाडलं नाही, पण अबू सईदचा चहा फार चांगला असे.

एका थंडीत अबू सईदने खर्च केला. रेंजवर नव्या रायफली आल्या, हवा भरून चालणाऱ्या. टार्गेटच्या मागे पूर्वी वाळूची पोती होती. ती गेली आणि चकचकीत पोलादी पत्रा आला. रंग दिला, दिवे लावले. आणि महिन्याभरात तक्रार आली.

तक्रार शेजारच्या हाजींची. भिंतीपलीकडे त्यांचं घर आणि गच्चीवर कबुतरांची खुराडी. म्हातारे तरुणपणी मासेमारीला जायचे, मुंबईला जाऊन आलेले, हिंदी झकास बोलायचे. आता त्यांचा सगळा जीव कबुतरांत. रेंज सुरू झाली की कबुतरं अंड्यांवरून उठून उडायची आणि अंडी गार पडायची. हाजी दुसऱ्या कुणाचे कुणी असते तर अबू सईदने समजूत घातली असती. पण ते त्याच्या आईचे भाऊ.

"काका, मुश्किल," अबू सईद कपाळाला हात लावून म्हणाला. "मेरा मामू है. दो जुम्मा बोला है. आवाज बंद नहीं हुआ तो खलास, ताला."

काकूंना हे काकांनी टार्गेटच्या कागदामागे लिहून दाखवलं. काकूंनी रायफल खाली ठेवली आणि ओढणीने हात पुसत राहिल्या. मला ते बघवेना.

पण काकांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. आयुष्यभर बँकांचे आणि ऑफिसांचे आवाज कमी केले, आता त्यांच्या स्वतःच्या शुक्रवारचा आवाज कमी करायचा होता. अबू सईदने कपाटातून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. नव्या रायफलींबरोबर डीलरने चार प्रकारचे साउंड मॉडरेटर दाखवायला पाठवले होते. नळीच्या टोकाला फिरवून बसवायच्या नळकांड्या.

"हां, सायलेन्सर," माझा नवरा म्हणाला.

"नाही," काका कळवळले. "सायलेन्सर सिनेमात असतो. हा मॉडरेटर. आवाज बंद नाही करत. त्याची समजूत घालतो."

चारही नळकांड्यांचं आम्ही बारसं केलं. एक जाडजूड, सगळं पोटात घेणारी, ती मोठी आत्या. एक लांब आणि काटकुळा, तो शिपाई. एक बुटका काळा, तो बरणी. आणि चौथा सगळ्यात महागडा, चकचकीत, डबीतही मखमलीवर निजलेला. काकांनी एकदाच वाजवून बघितला आणि म्हणाले, "हा जावईबापू. मान मोठा, काम नाही."

मग तुलना सुरू झाली आणि ती काकांच्या पद्धतीने. ऐकणाऱ्यांनी रायफलीकडे पाठ करून बसायचं, डोळ्यांवर ओढणी. कुठला मॉडरेटर लावलाय ते सांगायचं नाही. नेम काकूंनी धरायचा, कारण त्यांना आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणजे पक्षपात व्हायचा नाही. मॉडरेटर बदलायचं काम माझ्या नवऱ्याकडे. आणि ऐकल्यावर आकडा सांगायचा नाही, आवाज घरातल्या कशासारखा आहे ते सांगायचं.

"पापड मोडला," मी म्हणायची.

"ताई, कुठला पापड? उडदाचा की पोह्याचा?"

"उडदाचा!"

"हळू."

अबू सईदही डोळ्यांना आपला रुमाल बांधून बसला. त्याला सगळे आवाज गाडीच्या दारासारखेच वाटत. फक्त गाडीची कंपनी बदलायची. माझी लेक म्हणाली, "दॅट वन इज लाइक अ बुक क्लोजिंग," आणि काकांनी तिची पाठ थोपटली, कारण त्यांनाही नेमकं तेच वाटलं होतं.

खरं सांगते, पहिला शुक्रवार आमचा फार मजेत गेला. दोन तट पडले. काका मोठ्या आत्याचे. तिचा आवाज कमी आणि शिवाय गोल होता, कुठे टोचत नव्हता. पण ती पुढे इतकी जड की नळी खाली झुकायची आणि काकूंचे छर्रे टार्गेटच्या तळाशी जाऊन बसायचे. काकू दोन बोटं नाचवून नवऱ्याला सुनावायच्या. मी शिपायाच्या बाजूची. तो हलका, नेम जराही हलायचा नाही, पण त्याचा आवाज कमी असला तरी टोकदार होता. काका म्हणायचे, "आवाज किती आहे ते अर्धंच. कसा आहे ते उरलेलं अर्धं." बरणी फिरवून सरळ बसेचना. अबू सईदचं मत जावईबापूला, कारण त्याची किंमत त्याला माहीत होती.

या सगळ्यात काकू एकच पालुपद लावून बसल्या होत्या. प्रत्येक मॉडरेटरनंतर मान हलवून मोठ्याने म्हणायच्या, "मला काही फरक नाही! मला तो पत्राच ऐकू येतो!" आम्ही हसून हात हलवायचो. ज्या बाईला ऐकू येत नाही तिला काय विचारायचं? पक्षपात नको म्हणून बसवलेल्या बाईचं मत आम्ही मोजलंच नाही.

आठवडाभर गाडीत आत्या आणि शिपाई हाच विषय. काकांनी एवढं बोललेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी बुधवारी त्यांनी आत्याच्या बाजूने निकाल दिला. गुरुवारी सकाळी मोठ्या आत्याला घेऊन ते पुन्हा रेंजवर गेले आणि ऑफिसात आले ते चेहरा पाडून. आत्या लावूनही कबुतरं उडाली. हाजींनी गच्चीवरून नुसती मान हलवली. उद्या शेवटचा शुक्रवार.

संध्याकाळी घरी जाताना काका खिडकीला डोकं टेकून बसले होते. "चांगला मॉडरेटर आहे हो ताई," ते म्हणाले. "बाजूला बसलं तर पुस्तक मिटल्याएवढा आवाज. कबुतरांना कसा कळतो?"

मी त्यांना धीर देण्यासाठी काहीतरी गमतीचं बोलायचं म्हणून म्हणाले, "आता कबुतरांच्या खुराड्यात जाऊन झोपा. हॉस्पिटलात कॉटवर झोपला होता तसे."

काकांनी डोकं उचललं. माझ्याकडे बघितलं. मग आपलीच थप्पड आपल्या कपाळावर मारली. हळूच.

बँकेत, हॉस्पिटलात, जिथे तिथे तक्रार करणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसणारा माणूस या वेळी नळीशेजारी बसून पापड ऐकत होता. मॉडरेटरच्या नादात आपलाच नियम विसरला होता. आणि मीही आवाजाच्याच धंद्यातली, त्याच्याबरोबर डोळ्यांना ओढणी बांधून बसले होते. त्यांना आधी लाज वाटली, मग हसू आलं. हसणंही त्यांचं बिनआवाजी, नुसते खांदे हलायचे.

शुक्रवारी सकाळी काका आणि मी हाजींच्या दारात. हाजींनी आधी आमच्याकडे संशयाने पाहिलं. कबुतरांशेजारी बसून ऐकायचंय म्हटल्यावर मात्र ते विरघळले. इतक्या दिवसांत त्यांच्या गच्चीवर येऊन कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी छोट्या पेल्यांतून कावा, म्हणजे अरबी कॉफी दिली, खजूर दिला आणि एकेका कबुतराची ओळख करून दिली. एक मादी अंड्यांवर बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ये दो बार उड़ा. दोनों बार अंडा ठंडा. अब देखो."

भिंतीपलीकडे काकू नेम धरून बसल्या होत्या. अबू सईद भिंतीशी उभा राहून खुणा करत होता. काकांनी पेला करंगळीवर टेकवत ठेवला आणि डोळे मिटले.

आधी मोठी आत्या. टण्ण! कबुतरं फडफडली. मग शिपाई. टण्ण! मग बरणी, मग जावईबापू. टण्ण, टण्ण. मग काकांनी खूण केली की काहीच लावू नका. टण्ण! गच्चीवरून पाचही आवाज एकच. नळीतून निघणारी फट्ट इथपर्यंत पोचतच नव्हती. पोचत होता तो पोलादी पत्र्यावर आपटणारा छर्रा. खाली तो आम्हीही ऐकला होता, पण कान नळीला लावून बसल्यामुळे मोजला नव्हता.

"यही," हाजी म्हणाले. "ये घंटी. पहले नहीं था."

काकांनी वरून अबू सईदला पत्र्याकडे बोट दाखवलं. अबू सईदने ते काकूंना दाखवलं. आणि काकूंचा आवाज भिंत ओलांडून, खुराडी ओलांडून वर आला: "मी पहिल्या दिवसापासून काय सांगतेय!"

काकांनी भिंतीवरून खाली वाकून अंगठा नाकाला लावला नाही. दोन्ही कान पकडले.

पत्रा काढायला वेळ नव्हता, तो भिंतीत पक्का बसवला होता. पोती केव्हाच फेकली होती. "ताई, आपल्या स्टोअरची किल्ली?" काकांनी विचारलं. ती माझ्या पर्समध्येच असायची. आमच्या स्टोअरमध्ये डक्टच्या सांध्यांत भरायची पुट्टी होती. कणकेसारखी मऊ, कधी न वाळणारी. वर्षानुवर्षं आम्ही ती सगळ्या देशाच्या फटींत भरत होतो. काका म्हणाले, "छर्रा आपटला तर वाजणार. रुतला तर कसा वाजेल?"

अबू सईद आणि हाजी जुम्म्याच्या नमाजाला गेले. तेवढ्या वेळात मी गाडी पळवली. काकांनी त्या दिवशी वेगाबद्दल एक अक्षर काढलं नाही. पुट्टीचे डबे आणले. रेंजवर एक लाकडी ट्रे पत्र्यासमोर ठोकला आणि आम्ही सगळे ती पुट्टी त्यात थापू लागलो. काकू, मी, माझा नवरा, काका, सगळे कोपरापर्यंत माखलेले. काकू भाकरी थापल्यासारख्या सराईत हाताने थापत होत्या आणि नवऱ्याला खुणेने दाखवत होत्या, इथे पातळ आहे, इथे भर. लेकीने पुट्टीचा एक उंट केला. "इट्स फॉर द अंकल विथ द पिजन्स," ती म्हणाली.

नमाजाहून आल्यावर हाजी थेट गच्चीवर गेले. काका आणि मी मागोमाग. काकांचे हात अजून राखाडी होते. अबू सईद खाली भिंतीशी उभा होता आणि त्याच्या हातात रेंजचं कुलूप होतं. मामाने मान हलवली की लावायचं. काकांनी डोळे मिटले नाहीत. ते त्या अंड्यांवर बसलेल्या मादीकडे टक लावून बघत होते.

आम्ही थांबलो. वारा होता. लांब कुठेतरी बोटीचं इंजिन. मादीने पंख जरा सैल केले आणि पुन्हा मिटले.

हाजी वैतागले. "यल्ला, मारो ना."

काका म्हणाले, "चाचा, मार दिया."

"कब?"

"तीन बार मार दिया."

हाजींनी भिंतीवरून वाकून खाली पाहिलं. अबू सईदने तीन बोटं वर केली आणि टार्गेटचा कागद फडकवला. मधोमध तीन भोकं, एकमेकांना चिकटून. हाजींनी आधी कागदाकडे पाहिलं, मग कबुतरांकडे, मग काकांच्या राखाडी हातांकडे. मग अबू सईदला म्हणाले, "कुलूप आत ठेव," असंच काहीतरी अरबीत. शब्द मला कळले नाहीत, पण अबू सईदने कुलूप आपल्या पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्याच्या खिशात टाकलं आणि छातीवर हात ठेवला.

मला वाटलं काका आता एक निःश्वास टाकतील, फार तर खांदे हलवतील. ते गच्चीच्या कडेला गेले. खाली काकू रायफल मांडीवर घेऊन वर बघत होत्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. अबू सईदने त्यांच्याकडे पाठ करूनच कुलूप खिशात टाकलं होतं. काकांनी हात वर केला खूण करायला. पण बघा, या गोष्टीसाठी त्या दोघांकडे खूणच नव्हती. नेम वर जातोय, श्वास सोड, शेफारू नका, सगळं होतं. आपलं राहिलं, हे सांगायला काही नव्हतं.

काकांनी छाती भरून घेतली.

"अगं एऽऽ! राहिलाऽऽ! आपला शुक्रवार राहिलाऽऽ!"

बापरे! इचलकरंजीच्या शेडमध्येही मी असा आवाज ऐकला नाही. गच्चीवरची सगळीच्या सगळी कबुतरं, ती मादीसुद्धा, एका झपाट्याने आभाळात उडाली आणि आमच्या डोक्यावर गोल गोल फिरू लागली. मी घाबरून हाजींकडे पाहिलं. हाजी पोट धरून हसत होते. "छोड़ो, छोड़ो," ते मला म्हणाले, "बैठ जाएगा. अपना घरवाली को बोला है ना? बोलने दो."

खाली काकूंनी कानामागे हात धरला आणि वर मान करून विचारलं, "काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला की!"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. त्यांनी दोन्ही राखाडी हात तोंडाभोवती धरले आणि पुन्हा एकदा सांगितलं.